गणितावरचा ठपका

दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून बी. ए. ऑनर्ससाठी अर्थशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींविषयी एक तक्रार गेली कित्येक वर्षे वृत्तपत्रांच्या स्तंभांतून, निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या व्याख्यानांतून आणि पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनापासून नोएडा-गुरुग्रामच्या सदनिकांपर्यंत विखुरलेल्या दिल्लीकर मराठी मंडळींच्या बैठकींतून जवळजवळ एकाच शब्दांत ऐकू येते. अर्थशास्त्र हे मूळचे माणसांच्या पोटापाण्याचे शास्त्र असून ते आता गणिताचे मांडलिक होऊन बसले आहे. पहिल्याच सत्रात सूक्ष्म अर्थशास्त्राच्या जोडीला गणितीय पद्धती येतात, मागोमाग सांख्यिकी, मग अर्थमिती, आणि ज्या देशात आपण राहतो त्याची अर्थव्यवस्था विद्यार्थ्याच्या भेटीला येईपर्यंत पदवीचा बहुतेक काळ उलटून गेलेला असतो. लाग्रांजचा गुणक त्याला चुटकीसरशी काढता येतो, पण गव्हाची आधारभूत किंमत कोण ठरवतो हे विचारले तर तो छताकडे पाहतो. आरोपाला लागूनच शिक्षेची शिफारस येते. गणिताची मात्रा उतरवावी, बारावीला गणित असलेच पाहिजे ही प्रवेशाची अट काढून टाकावी, आणि मोकळ्या झालेल्या जागी इतिहास, समाजजीवन व आपली प्राचीन ज्ञानपरंपरा यांची स्थापना करावी.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही सरस रीतीने मांडावे आणि मगच खंडनाला हात घालावा, अशी आपल्या शास्त्रकारांची रीत होती. ती पाळायची तर हे कबूल केले पाहिजे की आरोपातील तपशील बहुतांशी खरा आहे. २०१५ साली आलेल्या श्रेयांक पद्धतीच्या रचनेत भारतीय अर्थव्यवस्थेचे दोन्ही अनिवार्य पेपर पाचव्या आणि सहाव्या सत्रात, म्हणजे अगदी शेवटच्या वर्षात होते. वाचनसूचीत नॉर्वेच्या सिडसेटरचे गणित आणि अमेरिकेतील मॅन्क्यू, व्हॅरियन, ब्लांशार यांची पाठ्यपुस्तके ठाण मांडून बसलेली होती. आणि ही कुरकूर एकट्या दिल्लीचीच आहे असेही नाही. २००० साली पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी अशाच स्वरूपाचे जाहीर निवेदन काढले. २०११ च्या नोव्हेंबरात हार्वर्डचे विद्यार्थी खुद्द मॅन्क्यू यांच्या वर्गातून उठून बाहेर पडले. परंतु ज्या दाखल्यांचा आमचे तक्रारदार इतक्या हौसेने उल्लेख करतात ते त्यांनी नीट वाचलेले दिसत नाहीत. हार्वर्डच्या त्या प्रास्ताविक वर्गात गणित नावालाच होते, आणि मुलांचा आक्षेप एकांगी मतप्रणालीवर होता. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनीही गणित साधन म्हणून नाकारले नव्हते. साधनालाच साध्य करून टाकण्याला ते विटले होते. या दोन गोष्टींतला फरक ज्याच्या ध्यानात आला नाही, त्याने अभ्यासक्रमाची फेरतपासणी करायला न बसलेले बरे.

(येथे पुण्या-नागपूरकडच्या पालकांसाठी एक खुलासा करणे भाग आहे. ‘मुलगी बारावीनंतर डी-स्कूलला जाणार’ असे जे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते त्यात गफलत असते. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९४९ साली स्थापन केलेले दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स हे एम. ए. आणि त्यापुढील अध्ययनाचे ठिकाण आहे. पदवीपूर्व अर्थशास्त्र शिकवले जाते ते सेंट स्टीफन्स, हिंदू, श्रीराम, मिरांडा हाऊस, लेडी श्रीराम अशा महाविद्यालयांत, जिथे प्रवेशाची पायरी इतकी उंच की २०२१ साली श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये या विषयाची पहिली यादी शंभर टक्क्यांवर लागली होती.)

आता मूळ वादाकडे वळू. गणितविरोधी पक्षाचा सर्वांत आवडता साक्षीदार म्हणजे न्यायमूर्ती रानडे. १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात रानड्यांनी विलायती अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व काळी सर्व देशांना लागू असतात हा दावा फेटाळला, सबब अमूर्त सूत्रांपेक्षा देशाची परिस्थिती मोठी, असा निष्कर्ष या मंडळींनी काढला आहे. निष्कर्ष ठीक आहे. पण रानड्यांनी देशाची परिस्थिती जाणून घेतली ती कशाने, हा प्रश्न ते विचारीत नाहीत. सरकारी अहवाल, जमाबंदीचे तक्ते, आयात-निर्यातीच्या नोंदी यांची रुजवात घालीत बसण्याची जी शिस्त रानडे आणि त्यांचे सहकारी गणेश व्यंकटेश जोशी यांनी पुण्यात रुजवली, तिच्यातून गोपाळ कृष्ण गोखले तयार झाले. आणि गोखले मुळात कोण होते? १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन पदवीधर झालेले, न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे, ज्यांचे अंकगणिताचे पुस्तक देशभर शाळाशाळांतून चालले, असे ते गणिताचे मास्तर होते. १८९७ साली हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांची साक्ष झाली आणि १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले गाजलेले भाषण झाले. त्या भाषणात त्यांनी सरकारच्या शिलकी ताळेबंदाचे पोट फाडून दाखवले. रुपयाचा विनिमयदर वर चढल्यामुळे विलायतेला पाठवायच्या रकमेत बचत झाली होती, तिच्यामुळे तिजोरी भरलेली दिसत होती, आणि तिचा रयतेच्या सुस्थितीशी काडीमात्र संबंध नव्हता. हे उघड झाले ते अलंकारिक वक्तृत्वाने नव्हे. देशभक्तीने ओथंबलेली भाषणे त्या काळीही पुष्कळ होत होती. कौन्सिलातल्या इंग्रज वित्तमंत्र्याला त्यांतल्या एकाचेही उत्तर देण्याची गरज कधी पडली नाही.

यावर कोणी म्हणेल की गोखल्यांचे ते अंकगणित होते, आज वर्गात शिकवतात ते कलन आणि संभाव्यताशास्त्र आहे, आणि बेरीज-वजाबाकीच्या पुण्याईवर अवकलनाला मोक्ष कसा मिळावा? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्लीतच सापडते.

सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून सांख्यिकीची विद्या घेऊन आले आणि १९४० साली दिल्लीत कृषि-संशोधन परिषदेत रुजू झाले, तेव्हा या खंडप्राय देशात पीक किती आले हे ठरवण्याची राजमान्य रीत म्हणजे आणेवारी होती. गावचा कुळकर्णी वा पटवारी शिवारावरून नजर फिरवायचा आणि सोळा आण्यांपैकी इतके आणे पीक असे लिहून मोकळा व्हायचा. त्या नजरेत सारामाफीची गावकऱ्यांची अपेक्षा, वसुलीची सरकारची घाई आणि खुद्द कारकुनाची गावातली सोयरीक, सगळे मिसळलेले असे. सुखात्म्यांनी तिच्या जागी यादृच्छिक पद्धतीने शेते निवडून, त्यांत ठरावीक मापाचा तुकडा आखून, त्यातले पीक कापून तोलण्याची पद्धत उभी केली. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर तिच्यात गणिताचे मोठे कौतुक नव्हते. पण कापायचा तुकडा केवढा असावा या प्रश्नावर त्यांचा आणि कलकत्त्याचे सांख्यिकीतज्ज्ञ महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे, कारण कमी श्रमात जास्त शेते पाहून होतात. सुखात्म्यांनी दाखवून दिले की तुकडा लहान केला की उत्पन्नाचा अंदाज फुगतो. कारण असे की क्षेत्र जसजसे आकसते तसतसा त्याच्या मानाने परीघ मोठा होत जातो, आणि परिघावर उभी असलेली रोपे आत की बाहेर हे ठरवताना कापणाऱ्याचा हात नकळत त्यांना आत ओढतो. शेतात कोणी लबाडी केली नाही, तरी कागदावर धान्य वाढले. ज्या काळात बंगालचा दुष्काळ नुकताच लाखो माणसे गिळून गेला होता, त्या काळात देशात धान्य किती आहे याचा अंदाज फुगणे म्हणजे काय, हे वाचकांनी स्वतःच मनाशी ठरवावे. महाराष्ट्रात आजही त्या आणेवारीचीच वारस असलेली पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की नाही यावर गावाची दुष्काळी सवलत अवलंबून असते, आणि त्यावरून दरसाल तहसीलदारांच्या कचेरीवर मोर्चे जातात. त्या मोर्चात ज्याला खरोखर उपयोगी पडायचे आहे, त्याने परीघ आणि क्षेत्र यांचे गुणोत्तर शिकून घेतलेले बरे. घोषणा द्यायला तिथे माणसे पुष्कळ असतात.

हेच सुखात्मे पुढे रोमच्या अन्न व शेती संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यास आले आणि उपाशी कोणाला म्हणावे यावर गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकरांशी त्यांची जी झुंज लागली, ती तर अभ्यासक्रमात सक्तीने नेमावी अशी आहे. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची जी रेषा आखली, तिच्या पोटात माणशी दररोज २,२५० उष्मांकांची गरज गृहीत धरलेली होती. सुखात्म्यांचे म्हणणे की एकाच निरोगी माणसाची गरज दिवसादिवसाला, आठवड्या-आठवड्याला बदलत असते, तेव्हा सरासरीच्या खाली आलेल्या प्रत्येकाला कुपोषित ठरवणे म्हणजे भुकेल्यांची संख्या फुगवणे होय. दांडेकरांचे उत्तर की या सबबीवर रेषा खाली ओढली तर खरोखर उपाशी असलेले लाखो लोक हिशेबातून बाद होतील. दोघे मराठी, दोघे सांख्यिकीत मुरलेले, दोघांचा कळवळा खरा; आणि वादाचा निकाल प्रसरण, सहसंबंध आणि मानक विचलन यांच्या आखाड्यातच लागायचा होता. माझा स्वतःचा कौल दांडेकरांच्या बाजूने आहे. पण तो सकारण देता यावा एवढे सांख्यिकीचे ज्ञान ज्याला नाही, त्याला या दोघांपैकी ज्याचा स्वभाव आवडतो त्याच्या बाजूला जाऊन उभे राहण्यापलीकडे काही करता येणार नाही.

तिसरा दाखला त्यामानाने अलीकडचा आहे आणि तो दिल्लीकरांच्या डोळ्यांसमोर घडलेला आहे. दिल्ली स्कूलमध्ये दीर्घकाळ अध्यापन केलेले सुरेश तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २००९ साली दारिद्र्यमापनाच्या पद्धतीवर अहवाल दिला. २०११ च्या सप्टेंबरात नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र घातले आणि त्या पद्धतीने काढलेली रेषा शहरात दिवसाला ३२ रुपये व खेड्यात २६ रुपये येते असे सांगितले. आणि मग जो गहजब झाला त्यात ‘बत्तीस रुपयांत जगून दाखवा’ हे आव्हान घरोघर पोहोचले. तेंडुलकर उत्तर द्यायला नव्हते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले होते. संतापणाऱ्यांचा संताप खोटा होता असे कोणी म्हणणार नाही, ३२ रुपये ही रक्कम कोणाही माणसाला लाजवणारीच आहे. पण त्या गदारोळात एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात आली. तेंडुलकरांच्या पद्धतीने गरीब कमी झाले नव्हते, वाढले होते. २००४-०५ साली जुन्या हिशेबाने ग्रामीण भागात २८.३ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. तेंडुलकरांच्या हिशेबाने तो आकडा ४१.८ टक्क्यांवर गेला, आणि सबंध देशाचा २७.५ वरून ३७.२ वर. शहरी प्रमाण २५.७ हेच कायम धरून, शहरी गरिबाची टोपली खेड्यात किती रुपयांना पडते हे नव्या किंमत-निर्देशांकाने मोजल्यामुळे हे घडले. उष्मांकांचा खुंटा सोडून शिक्षण आणि औषधपाण्याचा खर्च हिशेबात धरल्याने हे घडले. कपडे, पादत्राणे, शिक्षण, रुग्णालयाचा खर्च अशा क्वचित होणाऱ्या खरेदीबद्दल गेल्या तीस दिवसांऐवजी गेल्या वर्षभराचे विचारावे, या प्रश्नावलीतल्या किरकोळ दिसणाऱ्या बदलाचाही त्यात हात होता.

प्रश्नावलीतील मुदतीने गरिबांची संख्या हलते, हे ऐकून पुष्कळांना ही सरकारी चलाखी वाटते, पण ती मोजमापाचीच अडचण आहे. १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत अन्नखर्चासाठी सात दिवस आणि तीस दिवस असे दोन्ही प्रश्न त्याच घरात विचारले गेले, एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली, आणि त्या वर्षीचे दारिद्र्य आधीच्या वर्षांशी ताडून पाहावे की नाही यावर अर्थशास्त्रज्ञांचा वाद वर्षानुवर्षे चालला. २०१७-१८ ची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. २०२२-२३ च्या पाहणीत प्रत्येक घरी एकाऐवजी तीन वेळा जाऊन माहिती घेतली, तेव्हा मिळालेला ग्रामीण ३,७७३ आणि शहरी ६,४५९ रुपयांचा दरमहा दरडोई खर्च हा २०११-१२ शी कितपत तुलनीय, हा नवा वाद उभा आहे. या देशातल्या गरिबांविषयीचे राजकारण सध्या जिथे लढले जाते ते स्थळ असे आहे, आणि तिथे उभे राहण्याचे हत्यार ज्या पेपरांतून मिळते तेच पेपर आमचे हितचिंतक गरिबांच्या कळवळ्यापोटी काढून टाकायला निघाले आहेत.

प्रस्थापित अर्थशास्त्राचा ज्यांना तिटकारा आहे अशा डाव्या मंडळींकडूनही गणिताविरुद्ध ओरड होते, तिचे मला विशेष नवल वाटते. कारवारात जन्मलेल्या, बेळगावात वाढलेल्या आणि मुंबई विद्यापीठातून विद्यावाचस्पती झालेल्या कृष्णा भारद्वाज यांनी १९७३ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्राचे जे केंद्र उभे केले, ते प्रस्थापित विचाराला आव्हान देण्यासाठीच उभे राहिले. पण त्या आव्हानाचा उगम कोठे होता? पिएरो स्राफा यांच्या १९६० सालच्या त्या पुस्तकात, जे शंभर पानांचेही नाही आणि ज्याचा कणा समीकरणांचा आहे. त्या ग्रंथाचे मर्म ‘इकॉनॉमिक वीकली’मधील आपल्या परीक्षणात उलगडून दाखवल्यामुळे भारद्वाज जगाला ज्ञात झाल्या. भांडवलाच्या सिद्धांतातली फट त्यांना ज्या भाषेत दिसली ती गणिताची होती. त्या भाषेशिवाय ती फट दिसतच नाही.

प्राचीन परंपरेचा आग्रह धरणाऱ्यांना मी थोडक्यात उत्तर देतो, कारण त्यांनी कौटिल्य वाचलेला असता तर आग्रहाचे स्वरूप बदलले असते. र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ च्या दरम्यान मुंबई विद्यापीठातर्फे सिद्ध केलेली कौटिलीय अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती उघडून पाहावी. मंत्री-पुरोहितांना ४८,००० पण आणि तळच्या चाकराला ६० पण अशी वेतनश्रेणी, जांगल प्रदेशात पाऊस सोळा द्रोण आणि अवंतीत तेवीस द्रोण असे पर्जन्यमान, वजनमापांच्या अध्यक्षाची कर्तव्ये आणि कारकुनांनी अफरातफर करण्याचे चाळीस प्रकार! हा ग्रंथ तत्त्वज्ञानाचा कमी आणि हिशेबतपासनीसाचा अधिक आहे. कौटिल्य शिकवायचा तर जरूर शिकवा. पण गणिताच्या जागी नको, गणिताच्या तासाला शिकवा.

इतके खंडन झाल्यावर दिल्लीच्या अभ्यासक्रमाची तरफदारी करण्याचा माझा इरादा आहे असा कोणाचा समज होऊ नये. दोष आहे, आणि तो गंभीर आहे. संख्या कशी वापरावी हे तिथे उत्तम शिकवले जाते. ती जन्माला कशी येते हे शिकवले जात नाही. विश्वविद्यालय स्थानकावरून पिवळ्या मार्गाची मेट्रो पकडली तर तिसरे स्थानक आझादपूर आहे, जिथली मंडी भाजी-फळांच्या घाऊक व्यापारात देशात अव्वल मानली जाते आणि जिथे लासलगाव-पिंपळगावचा कांदा ट्रकांतून उतरतो. वर्गात मागणीची लवचीकता शिकवताना फळ्यावर एक तिरपी रेघ येते. पण मार्च-एप्रिलमध्ये निघालेला उन्हाळ कांदा चाळीत साठवून ऑक्टोबरापर्यंत पुरवायचा असतो, त्या सुमारास खरिपाचा लाल कांदा पावसाने लांबला तर बाजारात काही आठवड्यांची पोकळी पडते, आणि भाव वाढला म्हणून घरातली फोडणी कोणी थांबवीत नसल्यामुळे पुरवठ्यातली थोडीशी तूट भावाला दुपटी-तिपटीवर नेते. ती रेघ इतकी उभट का, हे या साखळीतून कळते. १९९८ साली अशाच एका पोकळीने दिल्लीतले राज्य सरकार घालवायला मोठा हातभार लावला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा दिल्लीच्या गृहिणीची बचत आणि चांदवड-येवल्याच्या शेतकऱ्याचे नुकसान यांतले मोठे कोणते, हा प्रश्न ग्राहकाचे आधिक्य आणि उत्पादकाचे आधिक्य या पहिल्या सत्रातल्या संकल्पनांनी सोडवता येण्याजोगा होता. पण तो सोडवायला अडत किती, हमाली-तोलाई किती, चाळीतली घट किती, वाटेत भाडे किती, हे विचारीत मंडीत पहाटे हिंडावे लागते, आणि त्यासाठी अभ्यासक्रमात एक तासही राखलेला नाही. पहिले संचालक गाडगिळ यांच्या काळी पुण्याच्या गोखले संस्थेत शहराची घरोघर आर्थिक पाहणी करणे हेच संस्थेचे काम होते. खुद्द दिल्लीत व्ही. के. आर. व्ही. राव आणि प्र. ब. देसाई यांनी १९४० ते १९५७ मधल्या दिल्लीच्या वाढीचा अभ्यास ग्रंथरूपाने केला. तो वारसा पदवीच्या वर्गापर्यंत कधी उतरला नाही. २०२२ पासून लागू झालेल्या चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी प्रबंध लिहिण्याची सोय आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीचा घरनिहाय कच्चा तपशील आज संगणकावर फुकट उपलब्ध आहे. तो घेऊन एखाद्या विद्यार्थ्याने एक जिल्हा नीट मांडला, किंवा आझादपूरच्या एका अडत्याच्या वहीशी लासलगावच्या लिलावाचे भाव ताडून पाहिले, तर तक्रारदारांना हवी असलेली ‘भारतीय वास्तवता’ गणिताचा एकही तास न कापता हाती येईल.

ही पदवी म्हणजे कन्सल्टिंग कंपन्यांच्या नोकऱ्यांकडे जाणारी शिडी झाली आहे असा आणखी एक आक्षेप असतो. असेल. ज्यांना जायचे ते जातात. वैद्यकीय शिक्षण घेऊनही लोक सनदी सेवेत जातातच, आणि त्यावरून शरीररचनाशास्त्र कमी करावे असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

उरतो तो सर्वांत नाजूक मुद्दा, म्हणजे गणिताच्या अटीमुळे खेड्यातली आणि देशी भाषांत शिकलेली मुले दाराबाहेर राहतात हा. त्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो धोक्याचा आहे. कला शाखेतून अकरावी-बारावी केलेल्या महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांना गणिताची वाट आठवी-नववीतच नकोशी करून ठेवलेली असते, आणि त्यांना ही अट अडवते हे खरे. पण आत गेल्यावर काय होते तेही पाहिले पाहिजे. २०२२ पासून दिल्लीचे प्रवेश ज्या केंद्रीय परीक्षेवर होतात ती मराठीतून देता येते; एकदा प्रवेश झाला की मात्र व्याख्याने, पुस्तके, ट्युटोरियल सगळा व्यवहार इंग्रजीत, आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत नाहीतर हिंदीत. लातूर वा परभणीहून मराठी माध्यमातून आलेली मुलगी वसंत विहारच्या शाळेत वाढलेल्या मुलीच्या शेजारी बसते, तेव्हा दोघींना समपातळीवर आणणारा पेपर एकच असतो, आणि तो गणिताचा. तिथे सिद्धता बरोबर असली की बरोबर. वाक्याचा थाट, उच्चाराचा डौल, लहानपणापासून घरात पडून असलेली इंग्रजी नियतकालिके, यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. निबंधवजा पेपरांत नेमक्या याच गोष्टी गुण मिळवून देतात, आणि तिथे आपली मुलगी विषय समजूनही मागे पडते. तेव्हा अट काढून उपयोग नाही. पहिल्या सत्राच्या आधी दोन-तीन महिन्यांचा गणिताचा पूरक वर्ग विद्यापीठाने चालवावा, कला शाखेच्या मुलांना त्याच्या भरवशावर प्रवेश द्यावा, आणि पुढे सर्वांना एकच गणित शिकवावे. यात खर्च आहे, अध्यापक लागतील, आणि अभ्यासक्रमातल्या चार ओळी खोडण्याइतके ते सोपे नाही. गणित वगळून त्या जागी इंग्रजी निबंधांचे पेपर बसवण्याची सूचना बहुधा अशा घरांतून येते जिथल्या मुलांना इंग्रजी निबंधाची भीती कधी वाटलेली नसते.